चारकोटचा गाजरी महिना

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. कारण यात शेवटी मूर्ख कोण ठरतो ते मला आधीच माहीत आहे, आणि तो चारकोट नाही.

पण चारकोट म्हणाला, लिही. "लाज तुझी, रंग माझा. अर्धा अर्धा वाटा."

तर लिहितो.

मामीचं रंगाचं दुकान आहे. मी तिथे रंग मिसळायच्या मशीनवर असतो. गिऱ्हाईक कार्डावर बोट ठेवून छटा दाखवतं, मी नंबर दाबतो, मशीन पांढऱ्या रंगाच्या डब्यात वेगवेगळ्या रंगांचे थेंब टाकतं. मग झाकण ठोकून डबा हलवायच्या मशीनमध्ये ठेवायचा. झाकण नीट ठोकलं नाही तर काय होतं ते आमच्या छताकडे बघितलं की कळतं.

हे काम मला कोणी शिकवलं नाही. मशीनबरोबर आलेलं पुस्तक वाचलं आणि शिकलो. दिव्याची वायर बदलणं वाचून शिकलो, हिशोबाचं सॉफ्टवेअर वाचून शिकलो. त्यामुळे मला असं वाटायला लागलं की जगातलं काहीही वाचून येतं. माझा घात झाला तो इथेच.

चारकोट माझा शाळेपासूनचा मित्र. रंगारी आहे. भिंतीला एक कोट प्रायमर, दोन कोट रंगाचे, आणि वर एक कोट, तो म्हणतो, "मनाच्या समाधानासाठी." असे चार. तीन कोटांत काम झालं तरी चौथा मारल्याशिवाय शिडीवरून उतरत नाही. नाव तिथून पडलं. आता त्याची आईसुद्धा त्याला चारकोटच म्हणते.

मागच्या वर्षी तो शिडीवरून पडला. खांदा बसवला, पण पूर्वीसारखा नाही. हात डोक्याच्या वर नेला की कळ येते. आणि रंगाऱ्याचं निम्मं आयुष्य छताखाली हात वर करूनच जातं. दोन छतं झाली की तिसऱ्या दिवशी त्याला शर्टसुद्धा बहीण घालून द्यायची. अजून वर्षभर कसंबसं निभेल, असं तो स्वतःच म्हणायचा. पुढचं बोलायचा नाही.

अशात रंगाच्या कारखान्यात तपासणी खात्यात एक जागा निघाली. काम काय, तर बसून रंग बघायचा. तयार झालेला रंग नमुन्याशी जुळतो की नाही ते डोळ्यांनी सांगायचं. म्हणजे चारकोटसाठी देवाने स्वतः हाताने लिहिलेली जाहिरात. त्याच्यासारखी नजर मी पाहिली नाही. माझ्या डब्यात एक थेंब काळा जास्त पडला तरी तो दारातून सांगतो.

त्यासाठी एक परीक्षा होती. पंच्याऐंशी रंगीत बिल्ले असतात, शेजारचे दोन जवळजवळ सारखेच दिसतात. ते क्रमाने लावायचे. वर्षातून एकदाच परीक्षा, आणि हातात महिना.

आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत सराव सुरू केला. जुन्या शेड कार्डांच्या चौकोनी चिठ्ठ्या कापल्या, मागे नंबर लिहिले. पहिले चार दिवस त्याची एकही चूक नाही. पाचव्या दिवशी मामीने तिथली फडफडणारी ट्यूब काढून छानसा पिवळसर दिवा लावला, म्हणाली, "बसताय तर जरा उजेडात बसा." बरं वाटलं. पण त्याच दिवसापासून चारकोट राखाडी रंगांत चुकायला लागला. आधी दोन, मग चार, मग सहा.

"डोळे गेले माझे," तो म्हणाला.

"गेले कुठे. थकलेत."

"थकलेले डोळे कारखाना घेत नाही."

त्याचा चेहरा मला बघवेना. आणि मी मोबाइल काढला.

वाचलं ते असं. जीवनसत्त्वांचे दोन गट असतात. काही पाण्यात विरघळतात. आणि चार जी आहेत, ए, डी, ई आणि के, ती तेलातुपात विरघळतात. माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. ऑइल पेंट आणि पाण्याचा रंग. पाण्याच्या रंगाचा ब्रश नळाखाली धरला की मोकळा. ऑइल पेंटचा ब्रश दिवसभर धरा, तो ढिम्म हलत नाही. पुढे लिहिलं होतं की ही चार शरीर लगेच बाहेर टाकत नाही, यकृतात आणि चरबीत साठवून ठेवतं. आणि ए डोळ्यांसाठी लागतं.

"साठतं," मी म्हणालो. "टाकी आहे आत. एकदा टाकी फुल्ल केली की परीक्षेपर्यंत बघायला नको."

"नक्की?"

"अरे, लिहिलंय इथे."

पुढची ओळ वाचणार तोच बाहेर डब्याचं झाकण उडालं आणि मामीने माझ्या नावाने हाक मारली. मी मोबाइल खिशात टाकून पळालो. छताला निळा रंग लागला होता. तो पुसेपर्यंत तासभर गेला आणि ती ओळ राहिली ती राहिलीच.

औषधाचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लागून आहे. तिथे ताई बसतात. पण ताई प्रश्न विचारतात, म्हणून चारकोटने बाटली घरपोच मागवली. ए जीवनसत्त्वाच्या भारी ताकदीच्या कॅप्सूल. बाटलीवर डोळ्याचं चित्र, आणि डोळा इतका टपोरा की आपल्यालाच कोणीतरी बघतंय असं वाटावं. खाली बारीक अक्षरांत, रोज एकच घ्यावी, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

चारकोट रोज चार घ्यायला लागला.

मी विचारलं, "एक लिहिलंय ना?"

"एका कोटाने कधी भिंत झाकलीय?"

आता मला कळतं की मी तिथेच त्याच्या हातातून बाटली घ्यायला हवी होती. पण मला त्याचं बोलणं पटलं. रंगाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हे वाक्य पटतंच.

वर त्याने गाजरं सुरू केली. रोज किलोभर. कच्ची, किसलेली, रस काढून. शिडीवर चढला तरी खिशात दोन गाजरं. त्याची बहीण म्हणाली, "घरात ससा पाळलाय असं वाटतं, फक्त ससा कमी बोलतो."

बाराव्या दिवशी मामीने त्याचा तळहात पाहिला.

"हात धू आधी. काउंटरला लागेल."

"धुतलेत मामी."

"मग थिनरने धू."

त्याने खरंच थिनरने धुतले. काही निघालं नाही. मी शेड कार्ड आणून त्याच्या हाताला लावलं. "पिकलेला जर्दाळू", थोडा फिका. दोन दिवसांनी रंग नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचला. मग मान. मी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीची छटा लिहायला लागलो. "ओली माती" नाही, "उन्हातलं कौल" नाही, या दोघांच्या मधलं काहीतरी, असं.

एक बाई दिवाणखान्यासाठी रंग घ्यायला आल्या होत्या. पंधरा मिनिटं कार्ड चाळलं आणि मग चारकोटकडे बोट केलं. "यांच्या मानेसारखा मिळेल का?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी चारकोटकडे पाहिलं. त्याने कॉलर खाली केली. मी रंग जुळवला, चार लिटर दिला. मशीनमध्ये फॉर्म्युला जपायला नाव द्यावं लागतं. मी लिहिलं, "चारकोट मान."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं.

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. रोज सकाळी, डोळ्यांच्या मागे. ओठ फुटले, सालं निघायला लागली, जुन्या खिडकीचा रंग निघावा तशी. जेवण नकोसं झालं. आणि नजर धूसर. सरावात सहाच्या जागी एकोणीस चुका. एका घरी त्याने खिडकीची चौकट रंगवताना काचही रंगवली, आणि ते घरमालकाने दाखवेपर्यंत त्याला दिसलं नाही.

"कमी पडतंय," चारकोट म्हणाला. "पाचवी घेऊ का?"

मी "थांब" म्हणालो. संपूर्ण महिन्यात मी केलेलं एवढंच एक शहाणपण. पण लगेच पुढे म्हणालो, "पाणी पी भरपूर. जास्तीचं निघून जाईल."

दोन दिवस मी त्याला बाटलीमागून बाटली पाणी पाजलं. ऑइल पेंट पाण्याने निघत नाही हे जगात ज्या दोन माणसांना सर्वांत चांगलं माहीत असायला हवं, ते दोघं समोरासमोर बसून हे करत होते. फरक एवढाच पडला की चारकोटचा अर्धा दिवस संडासात जायला लागला.

मामीने मात्र आपला निकाल दिला. "कावीळ आहे. डॉक्टरकडे न्या याला."

"नाही," चारकोट म्हणाला. "डॉक्टरने कागदावर काही लिहिलं तर परीक्षा गेली. चार दिवस राहिलेत. नंतर जातो."

"नंतर तुला उचलून न्यावं लागेल."

"मामी, मला छतं नाही जमत आता. ही परीक्षा गेली तर मी काय करू, ते सांगा तुम्ही."

मामीने त्याचा दंड धरला आणि सरळ शेजारच्या दुकानात नेलं. "डॉक्टर नको म्हणतोस ना? या डॉक्टर नाहीत. चल."

ताईंनी त्याला उजेडात उभं केलं आणि खालची पापणी ओढली.

"कावीळ नाही. डोळे पांढरे स्वच्छ आहेत. काविळीत आधी डोळे पिवळे होतात." मग तळहात पाहिले. "गाजरं किती खातोस?"

"किलोभर."

"आठवड्याला?"

"रोज."

ताईंनी डोळे मिटून घेतले. "हा रंग गाजराचा. दिसायला भयंकर, पण याने काही होत नाही. गाजरातून शरीर स्वतःला लागेल तेवढंच ए बनवतं, उरलेला रंग कातडीत बसतो. गाजरं कमी केलीस की उतरेल."

मामीचा चेहरा पडला. निदान चुकलं याचं तिला वाईट वाटलं असावं.

चारकोट खूश. "बघा. काही नाही झालं."

"ओठ का फुटलेत मग?" ताईंनी विचारलं. "गाजराने ओठ फुटत नाहीत. डोकं दुखतं?"

चारकोटने माझ्याकडे पाहिलं. मी औषधांच्या कपाटाकडे पाहिलं. त्याने खिशातून बाटली काढली. ताईंनी चष्मा लावला, बारीक अक्षरं वाचली.

"एक घेतोस ना रोज?"

"चार."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

ताईंनी बाटली स्वतःजवळ ठेवून घेतली. "चार कोणी सांगितल्या?"

"चार मी ठरवल्या," चारकोट म्हणाला. "पण टाकी भरायची आयडिया याची."

ताई माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगितलं. तेल, पाणी, ब्रश, टाकी.

"उदाहरण बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "ऑइल पेंटच आहे ते. मग सांग, टाकी भरून वाहायला लागली तर पाण्याने धुऊन निघेल?"

"नाही."

"मग कुठे जाईल?"

मी चारकोटच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"पाण्यातलं जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं. हे जात नाही, हे आत कोटावर कोट चढत राहतं. याने रोज जे घेतलं ना, ते माणसाला दिवसाला लागतं त्याच्या तीसपटीच्या वर आहे. जास्तीत जास्त चालतं त्याच्याही दहापट. ए जास्त झालं की डोकं दुखतं, ओठ फुटतात, नजर धूसर होते, यकृताला त्रास होतो. डोळे वाचवायला घेतलंस आणि डोळ्यांवरच आलं."

मामी म्हणाली, "कुठे वाचलं होतंस ते? काढ."

मी मोबाइल काढला. ते पान तीन आठवडे उघडंच होतं.

"मोठ्याने वाच."

मी वाचलं. "ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात. म्हणूनच ती गरजेपेक्षा जास्त घेतल्यास विषारी ठरू शकतात. तपासणी व सल्ल्याशिवाय घेऊ नयेत."

"म्हणूनच," मामी म्हणाली. "या एका शब्दाच्या आधी थांबलास तू."

"मामी, तू हाक मारली होतीस."

"हो, म्हणजे माझंच चुकलं."

तेवढ्यात ताईंनी विचारलं, "घरात आणखी कोणी असलं काही घेतं का?" आणि मामीने, फार सहज आवाजात, सांगितलं की सांध्यांसाठी तिनेही एक डबी मागवली आहे, ए, डी, ई, के सगळं एकत्र असलेली, कालच आली.

"तुम्ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेता ना? माझ्याकडूनच नेता."

"हो."

"के त्या गोळीच्या उलट काम करतं. आणि ई जास्त झालं तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. एकत्र घेऊच नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय. घेतली का एखादी?"

"एकच. मोठी होती, घशात अडकली, म्हणून पुढे नाही घेतली."

"तुमचा घसा हुशार आहे. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला."

मी हसलो नाही. हसायची माझी लायकी नव्हती.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. त्यांनी दिव्याने चारकोटच्या डोळ्यांच्या आत बराच वेळ पाहिलं, रक्त घेतलं, कॅप्सूल त्या क्षणापासून बंद केल्या.

"थोडक्यात आटोपलंय. आत थोडी सूज आहे. उतरेल, पण आठवडे लागतील. दर आठवड्याला दाखवायला यायचं. शिडीवर चढायचं नाही."

चारकोटने विचारलं, "याला काही थिनर नाही?"

डॉक्टरांना प्रश्न कळला. "नाही. फक्त वेळ."

"सोमवारी माझी परीक्षा आहे. डोळ्यांची."

"सोमवारी नाही जमणार."

बाहेर पडल्यावर चारकोट फुटपाथच्या कडेला बसला. केशरी माणूस असा बसला की लोक वळून बघतात. बघितलं त्यांनी. तो म्हणाला, "मी जातो तरी. अंदाजाने लावीन."

"अंदाजाने पंच्याऐंशी?"

"मग काय करू?"

मला वाटलं होतं तो मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "चल. कारखान्यात जाऊ. आत्ता. मी सांगतो कोणाची चूक आहे ते."

तपासणी खात्याच्या मॅडमना भेटायला दीड तास बसावं लागलं. खोली सगळी राखाडी, भिंती, टेबल, पडदे, सगळं. त्यात चारकोट म्हणजे कोणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखा. मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या, माझं ऐकायला लागल्या. मी टाकीपर्यंत पोचलो होतो. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून शेड कार्ड काढलं आणि न राहवून चारकोटच्या मनगटाला लावलं.

"पिकलेला जर्दाळू," त्या स्वतःशी म्हणाल्या.

"नाही मॅडम," चारकोट म्हणाला. "एक घर खाली. यात लाल जास्त आहे."

त्यांनी कार्ड खाली सरकवलं. बराच वेळ पाहिलं. "बरोबर. आणि तुम्हाला आत्ता धूसर दिसतंय?"

"हो."

"मग गोळ्या घेतल्या कशाला?"

"राखाडीत चुकत होतो. सहा चुका."

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून. आधी एकही नव्हती."

"पाचव्या दिवशी काय बदललं? सराव कोणत्या दिव्याखाली करता?"

मी आणि चारकोटने एकमेकांकडे पाहिलं. मामीचा छानसा पिवळसर दिवा.

पिवळ्या उजेडात राखाडी रंग फसवतात. ही गोष्ट मी स्वतः रोज गिऱ्हाइकांना सांगतो. "बाहेर नेऊन उन्हात बघा," असं दिवसातून वीस वेळा. चारकोटही सांगतो. त्याच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. आम्ही बल्बच्या आजारावर माणसाला औषध दिलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "डॉक्टरांचं पत्र आणा. आमचा एक जण सहा आठवड्यांनी रजेवरून येतोय, त्याची परीक्षा वेगळी घ्यायची आहे, त्याच्याबरोबर बसा. पण नजर साफ आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. आणि गाजरं उतरवून या, माझी खोली राखाडी राहू दे."

त्या संध्याकाळी मामीने स्वतः स्टुलावर चढून तो दिवा काढला. दुसऱ्या दिवशी नवी, न फडफडणारी, पांढरी ट्यूब होती.

सहा आठवडे कॅलेंडरवर छटा उलट्या लिहिल्या. आधी डोकेदुखी गेली, मग ओठ, मग नजर. मान सर्वांत शेवटी. मधेच त्या दिवाणखान्यावाल्या बाई आणखी दोन लिटर न्यायला आल्या, चारकोटकडे बघून म्हणाल्या, "अहो, तुमचा रंग उडाला." फॉर्म्युला होता म्हणून बरं.

परीक्षेत पंच्याऐंशीपैकी दोन बिल्ले चुकले. घेतलं त्याला.

कामाच्या पहिल्या सकाळी मी त्याच्याबरोबर स्टॉपवर उभा होतो. इस्त्रीचा शर्ट, स्वतः घातलेला. बस येत नव्हती.

"एक वचन दे," तो म्हणाला.

"पूर्ण वाचल्याशिवाय सांगणार नाही. दिलं."

"ते नको. तू पूर्ण वाचलंस तरी मला भीतीच वाटेल. माझं काय बिघडलं हे तपासल्याशिवाय मला काही द्यायचं नाही. आणि गोळीचं मी विचारलं तर काय म्हणायचं ते ठरवू."

"काय म्हणू?"

"तूच सांग." त्याने टोपी काढली. "डॉक्टर म्हणाल्या होत्या, ए जास्त झालं की केसही गळतात. बघ, इथे विरळ झालेत. ई घेऊ का?"

मला त्याबद्दल बरंच माहीत होतं. आदल्याच दिवशी वाचलं होतं, चांगलं खालपर्यंत. जीभ वळवळत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "ताईंना विचार. दरवेळी हेच म्हणेन, वचन."